शिडाच्या जहाजांवरील युवा प्रशिक्षण

शिडाच्या जहाजांवरील युवा प्रशिक्षण (रूढ इंग्रजी नाव : सेल ट्रेनिंग) ही तरुण-तरुणींना शिडाच्या जहाजावर प्रत्यक्ष खलाशी म्हणून सामील करून घेऊन शिक्षण देण्याची पद्धत आहे. या सफरीत सहभागी होणारे युवक प्रवासी नसतात. शिडे चढवणे व उतरवणे, सुकाणू धरणे, पहारा देणे, स्वयंपाक व साफसफाई करणे ही सर्व कामे ते अनुभवी खलाशांच्या देखरेखीखाली स्वतः करतात. नौदल व व्यापारी नौवहन यांसाठी मनुष्यबळ घडवणे हा या प्रशिक्षणाचा मूळ हेतू होता. विसाव्या शतकात व्यक्तिमत्त्वविकास हा हेतू त्यात मिळाला आणि पुढे गरीब, अनाथ, अपंग किंवा शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर पडलेल्या युवकांसाठी खास सफरी सुरू झाल्या. महाराष्ट्र व गोवा यांना शिडाच्या नौकांची दीर्घ परंपरा आहे. मात्र येथील संघटित प्रशिक्षण प्रामुख्याने नौदल, राष्ट्रीय छात्रसेना आणि काही स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत चालते. त्यामुळे वंचित युवकांना समुद्रावर जाण्याची संधी मिळते का, हे बहुतांशी या संस्थांच्या प्रवेशव्यवस्थेवर अवलंबून असते.

स्वरूप

यंत्रावर चालणारे जहाज थोड्या लोकांच्या बळावर चालवता येते. शिडाच्या मोठ्या जहाजाला मात्र अनेक हातांची एकाच वेळी गरज असते. वारा बदलला की शिडांचा कोन बदलावा लागतो, त्यासाठी अनेक दोर ठरावीक क्रमाने सोडावे आणि ओढावे लागतात. एकाने चूक केली तर तिचा परिणाम सर्वांना तत्काळ दिसतो. प्रशिक्षणाच्या दृष्टीने शिडाच्या जहाजाचे महत्त्व या परस्परावलंबनात आहे. येथे शिस्त शिक्षकाच्या आज्ञेपेक्षा कामाच्या गरजेतून येते.

जहाजावरील दिवस पाळ्यांमध्ये विभागलेला असतो. परंपरेने एक पाळी चार तासांची असते. दुपारी चार ते रात्री आठ या काळात दोन-दोन तासांच्या दोन छोट्या पाळ्या ठेवल्या जातात. त्यामुळे दिवसातील पाळ्यांची संख्या विषम होते आणि त्याच गटावर रोज मध्यरात्रीची पाळी येत नाही. प्रत्येक पाळीतील युवकांवर सुकाणू, टेहळणी, नोंदवही आणि शिडांची कामे आळीपाळीने सोपवली जातात. दोरांच्या गाठी, होकायंत्राचे वाचन, सागरी नकाशा, भरती-ओहोटी आणि हवामानाची चिन्हे यांचे शिक्षण कामाच्या ओघात होते. डोलकाठीवर चढणे बहुतेक जहाजांवर ऐच्छिक असते आणि चढताना सुरक्षापट्टा बांधणे बंधनकारक असते.

वंचित युवकांच्या बाबतीत या व्यवस्थेचा आणखी एक पैलू महत्त्वाचा ठरतो. जहाजावर आल्यावर घरची परिस्थिती, शाळेतील गुण किंवा पूर्वीची वर्तणूक यांचा कामाच्या वाटणीशी संबंध राहत नाही. बहुतेक सर्वच जण समुद्राबाबत नवखे असल्याने सारे एकाच पातळीवरून शिकण्यास प्रारंभ करतात.

इतिहास

गरीब मुले आणि समुद्र

गरीब मुलांना समुद्रावर पाठवण्याची कल्पना सेल ट्रेनिंगच्या आजच्या रूपाहून बरीच जुनी आहे. लंडनमधील व्यापारी जोनास हॅनवे यांनी १७५६ मध्ये ‘मरीन सोसायटी’ स्थापन केली. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात या संस्थेने दहा हजारांहून अधिक पुरुष व मुलांना कपडे व साहित्य देऊन ब्रिटिश नौदलात पाठवले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या नद्यांवर व बंदरांत जुनी लाकडी युद्धनौका नांगरून त्यांवर अनाथ व निराधार मुलांच्या शाळा चालवल्या जात. टेम्स नदीवरील ‘एक्समथ’ हे १८७६ पासून लंडनच्या निराधार मुलांसाठी वापरलेले असेच एक जहाज होते. या प्रयत्नांत परोपकार होता, तसाच नौदलाला स्वस्तात मनुष्यबळ मिळवण्याचा हेतूही होता. मुलांच्या इच्छेला त्यात फारसे स्थान नव्हते.

कुर्ट हान आणि ‘आउटवर्ड बाउंड’

या विचाराला निराळे वळण जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी दिले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ते ब्रिटनमध्ये स्थायिक झाले होते. दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडोने बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी वयस्कर खलाशांच्या तुलनेत लवकर हार मानतात, असे ‘ब्ल्यू फनेल लाइन’ या नौवहन कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना वाटत होते. शिडाच्या जहाजांवर घडलेल्या जुन्या खलाशांना संकटात टिकून राहण्याची सवय असते, अशी त्यांची धारणा होती. होल्ट यांच्या साहाय्याने हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली. समुद्र हे येथे शिक्षणाचे साध्य नसून साधन होते. पुढे खलाशी न होणाऱ्या मुलालाही सागरी जीवनातून काही शिकता येते, हा विचार या शाळेतून रुजला.

शर्यती आणि संस्था

दुसऱ्या महायुद्धानंतर शिडाची मोठी जहाजे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. त्यांना निरोप देण्याच्या भावनेतून १९५६ मध्ये इंग्लंडमधील टॉर्बे ते पोर्तुगालमधील लिस्बन अशी शर्यत घेण्यात आली. तिला इतका प्रतिसाद मिळाला की ती निरोपाची न ठरता नव्या परंपरेची सुरुवात ठरली. ‘टॉल शिप्स रेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्यतींत जहाजावरील किमान निम्मे खलाशी १५ ते २५ वर्षे वयाचे असावे लागतात. या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटनांना जोडणारी ‘सेल ट्रेनिंग इंटरनॅशनल’ ही संस्था २००२ मध्ये अस्तित्वात आली.

वंचित युवकांसाठीच्या सफरी

युरोपातील अनेक संस्थांनी काही जागा सवलतीत किंवा विनामूल्य देण्याची पद्धत स्वीकारली. देणग्या, शिष्यवृत्त्या आणि पूर्ण शुल्क भरणाऱ्यांकडून मिळणारे उत्पन्न यांतून हा खर्च भागवला जातो. ब्रिटनमधील ‘सर्डन सेलिंग ट्रस्ट’ ही १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था वंचित युवकांच्या गटांसाठी सफरी आयोजित करते. कर्करोगातून बरे होणाऱ्या मुला-युवकांसाठी ‘एलन मॅकआर्थर कॅन्सर ट्रस्ट’ २००३ पासून कार्यरत आहे.

अपंग व्यक्तींसाठी ‘ज्युबिली सेलिंग ट्रस्ट’ने १९८६ मध्ये ‘लॉर्ड नेल्सन’ आणि २००० मध्ये ‘टेनेशस’ ही जहाजे सुरू केली. चाकाच्या खुर्चीसाठी रुंद मार्ग व उद्वाहक, तसेच दृष्टिहीनांसाठी बोलणारे होकायंत्र अशा सोयी या जहाजांत होत्या. अपंग व इतर खलाशी बरोबरीने काम करत. मोठ्या जहाजांच्या देखभालीचा खर्च मात्र प्रचंड असतो. आर्थिक अडचणींमुळे २०२३ मध्ये या न्यासाचे काम थांबले. केवळ देणग्यांवर चालणारे उपक्रम किती अस्थिर असू शकतात, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

युवकांची निवड कशी करावी, याबाबत दोन प्रवाह आढळतात. पहिल्या पद्धतीत वंचित युवकांचा स्वतंत्र गट त्यांच्या परिचयाच्या कार्यकर्त्यांसह जहाजावर येतो. त्यामुळे सफरीनंतरही त्यांच्याशी संपर्क राहतो, परंतु ‘सुधारण्यासाठी पाठवलेली मुले’ असा शिक्का बसण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत वेगवेगळ्या आर्थिक व सामाजिक स्तरांतील युवक एकाच पाळीत काम करतात. यात शिक्का टळतो, मात्र किनाऱ्यावर परतल्यावर पाठपुरावा करणारे कोणी नसण्याची शक्यता असते.

महाराष्ट्र व गोवा

पूर्वपीठिका

कोकण किनाऱ्यावर शिडाची होडी हाकण्याचे कौशल्य शाळेत नव्हे, तर कामातून शिकले जाई. मच्छीमार व मालवाहू गलबतांवर मुलगा लहान वयात हाताखालचा म्हणून चढे आणि तांडेलाच्या हाताखाली वारा, प्रवाह, खडक व नक्षत्रे ओळखू लागे. ब्रिटिश काळात रत्नागिरी परिसरातील अनेक तरुण आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. त्यांच्यातील मुख्य खलाशाला सारंग व त्याच्या सहायकाला टिंडल म्हणत. टिंडल हे नाव तांडेल या शब्दाचेच रूप आहे. म्हणजेच या प्रदेशात गरीब मुलाला समुद्र अपरिचित नव्हता. मात्र खलाशी होणे आणि अधिकारी होणे हे दोन वेगळे मार्ग होते. स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारी नौकांवर यंत्रे बसू लागली आणि शिडांचा वापर घटला, तसे हे परंपरागत कौशल्यही मागे पडले.

प्रशिक्षण नौका

भारतीयांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होता यावे यासाठी १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवर शिक्षण सुरू झाले. १९०४ मध्ये बांधलेली ही नौका त्यापूर्वी सैन्यवाहतुकीसाठी वापरली जात होती. ती शिडाची नव्हती. जहाजावर राहून शिकण्याची पद्धत मात्र तिच्यामुळे भारतात रुजली. भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी हे तिच्या पहिल्या तुकडीतील छात्र होते. १९७२ मध्ये ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. १९९३ मध्ये हे प्रशिक्षण नवी मुंबईतील ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरील संस्थेत हलवण्यात आले. सामान्य खलाशांसाठी कोलकात्यात ‘भद्रा’, विशाखापट्टणमला ‘मेखला’ आणि गुजरातमधील नवलखीला ‘नवलक्षी’ अशा स्वतंत्र नौका होत्या. अधिकारी आणि खलाशी यांच्या मार्गांतील फरक अशा रीतीने स्वातंत्र्यानंतरही प्रशिक्षणव्यवस्थेत कायम राहिला.

सी कॅडेट कोअर व राष्ट्रीय छात्रसेना

शालेय मुलांना सागरी शिक्षण देणारी ‘सी कॅडेट कोअर’ ही स्वयंसेवी संस्था १९३८ मध्ये गोकुळदास आहुजा यांनी स्थापन केली. तिचे मुंबईतील केंद्र कुलाबा येथील ‘प्रशिक्षण नौका जवाहर’ या नावाने ओळखले जाते. नावात नौका असली तरी हे केंद्र किनाऱ्यावर आहे. वल्हवणे, शिडाची होडी हाकणे, दोरकाम, ध्वजसंकेत व कवायत यांचे शिक्षण येथे स्वयंसेवक देतात.

राष्ट्रीय छात्रसेनेची (एनसीसी) स्थापना १९४८ च्या कायद्याने झाली आणि १९५२ मध्ये तिचा नौदल विभाग सुरू झाला. या विभागातील छात्रांना व्हेलर नावाच्या, पाच वल्ह्यांच्या व शिडावरही चालणाऱ्या नौकेवर प्रशिक्षण मिळते. नौदल विभागाची युनिटे नदी, जलाशय किंवा किनारी मार्गांवर वल्हे व शीड यांच्या साहाय्याने अनेक दिवसांच्या मोहिमा काढतात. छात्र रात्री किनाऱ्यावर मुक्काम करतात आणि वाटेतील गावांत जनजागृतीचे कार्यक्रम घेतात. गणवेश व प्रशिक्षणाचा खर्च शासन उचलत असल्याने अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांसाठी समुद्राशी व शिडाशी परिचय होण्याचा भारतातील हा सर्वांत व्यापक मार्ग आहे. मात्र प्रवेश साधारणतः शाळा किंवा महाविद्यालयामार्फत होतो. ज्या संस्थेत नौदल विभागाची तुकडी नाही, तेथील विद्यार्थ्याला, किंवा शाळा सुटलेल्या मुलाला, हा मार्ग सहजासहजी उपलब्ध होत नाही.

पुणे परिसर

पुणे शहर किनाऱ्यापासून दूर असले तरी शीड-प्रशिक्षणाचे एक महत्त्वाचे ठिकाण शहरालगत आहे. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे जलप्रशिक्षण धरणाच्या जलाशयातील ‘पीकॉक बे’ या भागात चालते. १९५५ पासून खडकवासल्यात असलेल्या या प्रबोधिनीत स्थलसेना, नौदल व वायुसेना या तिन्ही दलांचे छात्र शिक्षण घेतात आणि त्यांना येथे शिडाच्या लहान होड्या हाकण्यास शिकवले जाते. हे केंद्र लष्करी हद्दीत असून छात्रांसाठी राखीव आहे. एनसीसीच्या नौदल विभागाचे युनिटही पुण्यात आहे.

खडकवासल्याचे पाणी मुठा उजव्या कालव्यातून पुणे शहर ओलांडून हडपसरमार्गे पूर्वेकडील शेतीपर्यंत जाते. हडपसर हे मूळचे शेतीप्रधान गाव औद्योगिक वसाहत व माहिती-तंत्रज्ञान उद्योगांमुळे दाट लोकवस्तीचे उपनगर बनले असून तेथे मोठ्या संख्येने स्थलांतरित व श्रमिक कुटुंबे राहतात. अशा उपनगरांतील मुलांसाठी पहिला अडसर समुद्राचे अंतर हा नसून जलाशयापर्यंतची वाट, पोहणे शिकण्याची सोय आणि शाळेत तुकडी असणे हा आहे. जलाशयावरील प्रशिक्षणातून शीड, वारा व तोल यांचे पायाभूत शिक्षण पूर्ण होऊ शकते, हे प्रबोधिनीच्या उदाहरणावरून दिसते.

शिडाची मोठी जहाजे

भारतातील आधुनिक शिडाची प्रशिक्षण जहाजे गोव्यात बांधली गेली. ‘गोवा शिपयार्ड’ने बांधलेले तीन डोलकाठ्यांचे ‘तरंगिणी’ हे ५४ मीटर लांबीचे जहाज १९९७ मध्ये नौदलात दाखल झाले. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तसे करणारे ते भारतीय नौदलाचे पहिले जहाज ठरले. त्याच्या धर्तीवरील ‘सुदर्शिनी’ २०१२ मध्ये सेवेत आले. दोन्ही जहाजे कोची येथील प्रशिक्षण ताफ्याचा भाग आहेत.

‘तरंगिणी’चा आराखडा ब्रिटिश नौकाशिल्पी कॉलिन म्यूडी यांचा आहे. अपंगांसाठी बांधलेल्या ‘लॉर्ड नेल्सन’चा आणि १९८८ पासून ऑस्ट्रेलियात सर्वसामान्य युवकांसाठी चालणाऱ्या ‘यंग एंडेव्हर’चा आराखडाही त्यांनीच केला होता. एकाच शिल्पकाराची ही जहाजे तीन वेगळ्या प्रकारच्या प्रशिक्षणार्थींसाठी वापरली गेली. ‘यंग एंडेव्हर’ हे जहाज ऑस्ट्रेलियाचे नौदल चालवते, परंतु त्यावर नागरी युवक प्रशिक्षण घेतात. ‘तरंगिणी’ व ‘सुदर्शिनी’ यांचे मुख्य काम नौदलाच्या छात्रांना सागरी जीवनाचा परिचय करून देणे हे आहे. त्यामुळे नौदलाचे जहाज आणि नागरी युवक यांची सांगड घालणे तत्त्वतः अशक्य नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून दिसते.

गोव्यातील दिवाडी बेटावरील ‘अ‍ॅक्वेरियस शिपयार्ड’ने बांधलेल्या ‘म्हादेई’ व ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौकांनी समुद्रपर्यटनाविषयी मोठी उत्सुकता निर्माण केली. ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये गोव्याहून प्रदक्षिणा केली. या मोहिमा युवा प्रशिक्षणाचा भाग नव्हत्या.

क्रीडामार्ग

शालेय वयातील गुणी मुलांना निवडून निवास, शिक्षण व क्रीडाप्रशिक्षण देणाऱ्या सैन्यदलांच्या ‘बॉईज स्पोर्ट्स कंपनी’ योजनेत शीडनौकानयनाचाही समावेश आहे. नौदलाचे असे केंद्र गोव्यात आहे. हैदराबादमध्ये २००९ मध्ये स्थापन झालेला ‘यॉट क्लब ऑफ हैदराबाद’ हुसेनसागर तलावावर वंचित कुटुंबांतील मुलांना शिडाच्या होड्यांचे प्रशिक्षण देतो. भोपाळमधील केंद्रात शिकलेल्या नेहा ठाकूर या शेतकरी कुटुंबातील मुलीने २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत रौप्यपदक मिळवले. हैदराबाद व भोपाळ ही दोन्ही शहरे समुद्रापासून दूर आहेत. क्रीडामार्ग आणि प्रशिक्षण सफर यांत मात्र मूलभूत फरक आहे. क्रीडाप्रशिक्षणात गुणवत्तेनुसार मोजकी मुले पुढे जातात, तर प्रशिक्षण सफरीत शर्यत जिंकण्याची क्षमता नसलेल्या मुलालाही पाळीत तितकेच स्थान असते.

परिणाम व टीका

‘सेल ट्रेनिंग इंटरनॅशनल’साठी एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी केलेला, अनेक देशांतील सफरींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांबरोबर काम करण्याची क्षमता आणि सामाजिक आत्मविश्वास यांत सहभागी युवकांना लाभ होतो, असे त्यात दिसून आले. अशा अभ्यासांत एक अडचण नेहमी राहते. जे युवक स्वेच्छेने सफरीला जातात ते मुळातच बदलास अनुकूल असू शकतात, त्यामुळे सफरीचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते.

टीकाकारांच्या मते आठ-दहा दिवसांची सफर गरिबी, बेरोजगारी किंवा शाळा सुटणे यांचे उत्तर असू शकत नाही. जहाजावर मिळालेला आत्मविश्वास घरी परतल्यावर त्याच परिस्थितीत विरून जाण्याची शक्यता असते. म्हणून शाळा, वसतिगृह किंवा युवक केंद्र यांच्या दीर्घकालीन कामाला जोडलेली सफर अधिक उपयुक्त मानली जाते. प्रतिष्ठेच्या मोठ्या जहाजावर होणारा खर्च लहान होड्यांच्या स्थानिक केंद्रांवर केल्यास अधिक मुलांपर्यंत पोहोचता येईल, असाही एक मतप्रवाह आहे.

सुरक्षितता

या क्षेत्राच्या इतिहासात काही गंभीर दुर्घटना घडल्या आहेत. ‘पामीर’ हे जर्मन जहाज सप्टेंबर १९५७ मध्ये अझोर्स बेटांजवळ चक्रीवादळात बुडाले. त्यावरील ८६ जणांपैकी केवळ सहा जण वाचले आणि मृतांत बहुसंख्य तरुण प्रशिक्षणार्थी होते. १९८४ मध्ये शर्यतीदरम्यान बर्म्युडाजवळ ‘मार्क्स’ हे जहाज बुडून १९ जणांचा मृत्यू झाला. या घटनांनंतर जहाजांची स्थिरता, जलरोधक कप्पे, जीवरक्षक साधने आणि अधिकाऱ्यांची पात्रता यांविषयीचे नियम अधिक कडक करण्यात आले. २०१० मध्ये ब्राझीलजवळ उलटलेल्या ‘काँकॉर्डिया’ या कॅनडातील संस्थेच्या शाळाजहाजावरील सर्व ६४ जण बचावले. जीवरक्षक तराफ्यांचा सराव आधीच झालेला असणे तेथे निर्णायक ठरले.

वंचित युवकांच्या सफरींत सुरक्षिततेला विशेष महत्त्व असते. अनेकांना पोहता येत नाही, काहींची वैद्यकीय तपासणी पूर्वी झालेली नसते आणि पालकांना समुद्राची भीती वाटते. त्यामुळे सफरीपूर्वी वैद्यकीय तपासणी, जीवरक्षक जाकिटाचा सराव, पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या संरक्षणाचे नियम पाळणे आवश्यक समजले जाते. मुला-मुलींच्या एकत्रित सफरींत स्वतंत्र निवासव्यवस्था आणि महिला प्रशिक्षकांची उपस्थिती अपेक्षित असते. या तयारीचा खर्चही सफरीच्या अंदाजपत्रकात धरावा लागतो. तो वगळून केवळ जहाजावरील जागा विनामूल्य दिल्यास ती जागा गरजू युवकापर्यंत पोहोचत नाही, असा या क्षेत्रातील अनुभव आहे.